जुन्या मोटारीचा डॅशबोर्ड: किती दुरुस्त करावा, कुठे थांबावे

द हेग येथील लाउमन संग्रहालयात परस्परविरुद्ध दृष्टीने जपलेल्या दोन मोटारी पाहावयास मिळतात. पहिली आहे 'स्वान कार'. कलकत्त्यात राहणारे अभियंते रॉबर्ट निकोल मॅथ्यूसन यांच्यासाठी इंग्लंडमधील लोस्टॉफ्ट येथे जे. डब्ल्यू. ब्रूक कंपनीने १९१० साली ती बांधली. पुढे ती नाभा संस्थानच्या राजघराण्याकडे गेली आणि १९९१ मध्ये डच संग्रहात दाखल झाली. राजहंसाच्या आकाराच्या या गाडीची खरी गंमत तिच्या लहानसहान भागांत आहे: भारतीय रेशमी किनखापाचे अस्तर, पेटीसारख्या पट्ट्या दाबून वाजवायचा आठ सुरांचा भोंगा, आणि चालकाला हुकूम देण्यासाठी जहाजावर असते तसले संदेशयंत्र. या गाडीचा जीर्णोद्धार करून तिला मूळचे वैभव परत देण्यात आले. दुसरी मोटार १९३६ ची टोयोटा एए. ती २००८ साली सायबेरियात सापडली. मधल्या काळात तिच्यात अनेक फेरफार झाले होते, पत्रा गंजला होता. तरीही संग्रहालयाने ती सापडली त्याच अवस्थेत मांडली आहे, कारण तिच्यावरचे ओरखडे हाच तिचा इतिहास आहे.

घरच्या गॅरेजमध्ये जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला या दोन टोकांमध्ये आपली जागा ठरवावी लागते. इंजिनाच्या बाबतीत हा निर्णय तुलनेने सोपा असतो. गाडी चालायची तर झिजलेला भाग बदलावाच लागतो. डॅशबोर्ड, त्यावरील कडापट्ट्या, बटणे, मुठी आणि घड्याळे यांचे तसे नाही. त्यांच्यावाचून गाडी बहुधा चालते, पण माणसाचा हात सर्वांत अधिक त्यांनाच लागलेला असतो. शिवाय हे भाग एकदा चुकीच्या पद्धतीने घासले, आम्लात बुडवले किंवा फेकून दिले की ते पुन्हा मिळत नाहीत. म्हणून या कामात कौशल्याइतकाच संयमही लागतो.

नियम आणि संकेत

नेदरलँड्समध्ये मोटारीने ४० वर्षे पूर्ण केली की तिला वाहनकर माफ होतो. ही व्यवस्था १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना 'एपीके' ही नियतकालिक तांत्रिक तपासणी सक्तीची नाही, तर ३० ते ५० वर्षांच्या गाड्यांना ती दोन वर्षांतून एकदा करावी लागते. या सवलती वयावर अवलंबून आहेत; डॅशबोर्ड मूळचा आहे की नवा, याच्याशी त्यांचा संबंध नाही.

मूळपणाचा प्रश्न येतो तो वारसा म्हणून गाडीची ओळख पटवताना. १९६६ साली स्थापन झालेल्या 'फिव्हा' या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येनुसार ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षांचे, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जपलेले आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी न वापरले जाणारे असावे. नेदरलँड्समधील मोटार व मोटारसायकल मंडळांचा संघ 'फेहाक' हा त्याच विचाराने काम करतो. फिव्हाने स्वीकारलेल्या तुरिन सनदेचा गाभा थोडक्यात असा: शक्य तितका मूळ पदार्थ राखावा, हस्तक्षेप कमीत कमी करावा, केलेला बदल शक्यतो पुन्हा काढून टाकता यावा, नवा घातलेला भाग ओळखता यावा आणि सर्व कामाची लेखी नोंद राहावी. पुढील प्रत्येक पायरीला ही पाच सूत्रे लागू पडतात.

हात लावण्यापूर्वी

पहिले साधन कॅमेरा. डॅशबोर्ड समोरून, कडेने आणि शक्य असल्यास मागून टिपावा. प्रत्येक तार कोणत्या टोकाला जाते हे दिसेल असे जवळचे चित्र घ्यावे. त्यानंतर बॅटरी सोडवावी. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. काम संपल्यावर सवयीने उलटी जोडणी झाली तर विद्युत उपकरणांचे नुकसान होऊ शकते, म्हणून याचीही नोंद हवी.

काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या भागाबरोबर, नाव लिहिलेल्या वेगळ्या पिशवीत ठेवावा. एकाच फळीवर चार वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू असणे नवलाचे नाही. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर तो लाकूड फोडून बाहेर येतो किंवा मागच्या तारेत घुसतो. ब्रिटिश गाड्यांतील अनेक मुठी ओढून निघत नाहीत. त्यांच्या खालच्या बाजूला बारीक भोक असते, त्यात बारीक तार खुपसून आतली स्प्रिंगवरची खुंटी दाबली की मूठ सुटते. जोर लावणाऱ्याच्या हातात मात्र मुठीचे तुकडे येतात.

तापमान दाखवणाऱ्या जुन्या यांत्रिक घड्याळाला इंजिनापर्यंत जाणारी केसासारखी बारीक तांब्याची नळी असते आणि तिच्यात द्रव कायमचा बंद केलेला असतो. ती नळी कापली किंवा पिळवटली की घड्याळ निकामी होते. म्हणून ते नळी व इंजिनाकडील टोकासह अखंडच बाहेर काढावे लागते.

लाकूड

जुन्या जॅग्वार किंवा रोल्स-रॉईसचा डॅशबोर्ड अक्रोडाचा भासतो. प्रत्यक्षात साध्या लाकडावर किंवा प्लायवुडवर अक्रोडाच्या गाठीचा, मिलिमीटरहूनही पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. या पापुद्र्याला 'व्हिनियर' म्हणतात. एकाच ओंडक्यातून सलग कापलेले दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून लावले की डाव्या-उजव्या बाजूंची नक्षी आरशातल्यासारखी जुळते. म्हणूनच हातमोज्यांच्या कप्प्याचे एक झाकण नवे करून बसवले तर ते कितीही सफाईदार असले तरी वेगळे दिसते.

बहुतेक वेळा खराब झालेले असते ते लाकूड नव्हे, वरचे रोगण. ते कोणते हे न दिसणाऱ्या कडेवर कापसाच्या बोळ्याने तपासता येते. स्पिरिटने विरघळले तर ते लाखेचे, म्हणजे आपल्याकडील फ्रेंच पॉलिशच्या जातीचे; सेल्युलोज थिनरने मऊ झाले तर सेल्युलोजचे; दोन्हींना दाद दिली नाही तर पुढच्या काळातील पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचे. लाखेचे रोगण ओलावा आणि उष्णतेने पांढुरके पडते, त्यामुळे काचेखाली तापणाऱ्या डॅशबोर्डावर ते नव्याने चढवणे शहाणपणाचे नाही.

पापुद्रा सुटून फुगा आला असेल तर तो खरवडू नये. जुन्या गाड्यांत तो बहुधा प्राणिज सरसाने चिकटवलेला असतो, आणि सरस ऊब व ओलाव्याने पुन्हा मऊ होतो. कापड मध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवली आणि थंड होईपर्यंत दाब ठेवला की कित्येकदा पापुद्रा बसतो. तसे न झाल्यास रेषांच्या दिशेने बारीक छेद देऊन आत सरस सोडावा. काचपेपर हा शेवटचा उपाय. दोन हात जास्त मारले की पापुद्र्याच्या आरपार जाऊन खालचे फिके लाकूड उघडे पडते आणि मग मागे फिरता येत नाही.

नेदरलँड्सच्या हवेचा येथे विशेष विचार करावा लागतो. दमट, न तापवलेल्या शेडमध्ये लाकूड फुगते. तीच गाडी हिवाळ्यात तापवलेल्या खोलीत आणली की ते झपाट्याने आकसते व रोगणाला तडे जातात. तापमानापेक्षा आर्द्रता स्थिर राखणे महत्त्वाचे. काही गाड्यांत शिसवाच्या जातीचा पापुद्रा असतो. शिसवाचे संपूर्ण कूळ २०१७ पासून वन्य प्रजातींच्या व्यापारासंबंधीच्या 'साइट्स' कराराखाली आहे, त्यामुळे भारतातून तसा पापुद्रा मागवण्यापूर्वी कागदपत्रांची चौकशी करावी.

धातू आणि मुलामा

चकाकणारी प्रत्येक पट्टी क्रोमची नसते. मोटारींवर क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. त्याआधीच्या गाड्यांवर निकेल असे, आणि निकेलची झाक किंचित पिवळसर, उबदार दिसते. १९२२ च्या गाडीवर निळसर झळाळीचे क्रोम चढवणे म्हणजे तिच्या वयाविषयी खोटे सांगणे होय.

क्रोमच्या मुलाम्यातही क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षा कमी, नाममात्रच असतो. खालचे निकेल आणि तांबे हेच खरे संरक्षण. पट्टी पितळेची असेल तर ती बहुधा वाचते. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली बटणे, मुठी आणि चौकटी नाजूक असतात. त्यांच्यावर पुटकुळ्या दिसल्या तर आत गंज पसरलेला असतो, आणि असा भाग जुना मुलामा उतरवण्यासाठी आम्लात टाकला तर तो भाग स्वतःच विरघळू लागतो. जाणकार कारागीर प्रत्येक खड्डा कोरून स्वच्छ करतो, तांब्याचा थर देतो, खड्डे भरतो, पुन्हा तांबे चढवून मगच निकेल व क्रोमकडे वळतो. काम खर्चिक असते. पुटकुळ्या थोड्या असतील तर सौम्य साफसफाई करून मेणाचा हात देणे आणि थांबणे हा प्रामाणिक पर्याय आहे.

१९६० नंतरच्या अनेक पट्ट्या ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमच्या आहेत. त्या पॉलिशने चमकत नाहीत. वरचा कठीण थर रसायनाने उतरवून, घासून पुन्हा ॲनोडाइज करावे लागते. सत्तरच्या दशकातील प्लास्टिकवरच्या धातूच्या झिलईला तर पॉलिश लावूच नये. कापडाबरोबर झिलईच निघून येते.

मुलाम्याचा कायदाही बदलला आहे. क्रोम चढवण्यासाठी लागणारे क्रोमियम ट्रायऑक्साइड २१ सप्टेंबर २०१७ पासून युरोपीय संघात विशेष परवान्याविना वापरता येत नाही. काही कारखाने त्रिसंयुजी क्रोमियमकडे वळले असून त्याची छटा जुन्या निळसर क्रोमपेक्षा किंचित वेगळी दिसते. म्हणून एका डॅशबोर्डाचे सर्व भाग एकाच कारागिराकडे, एकाच वेळी द्यावेत आणि तो कोणती पद्धत वापरतो हे आधी विचारून घ्यावे.

व्हिनाइल, बेकेलाइट आणि कापूर

मराठी घरांत ज्याला सरसकट 'रेक्झिन' म्हणतात ते मुळात सेल्युलोजचा लेप दिलेल्या कापडाचे एका ब्रिटिश कंपनीचे नाव. साठच्या दशकापासून सर्वत्र दिसू लागलेले व्हिनाइल हा वेगळा पदार्थ आहे. त्याला मऊपणा देणारे द्रव्य वर्षानुवर्षे पृष्ठभागावर येत राहते. म्हणून जुना डॅशबोर्ड प्रथम चिकट होतो आणि पुढे कडक होऊन तडकतो. कोमट पाणी, अगदी सौम्य साबण आणि मऊ फडके एवढेच त्याला पुरे. स्पिरिट व थिनर टाळावे. चकाकी आणणारे सिलिकोनचे फवारेही टाळावेत, कारण त्यानंतर त्यावर कोणताही रंग किंवा भराव धरत नाही.

तडा भरायचा असल्यास कडा स्वच्छ कापून, आतील फोम भरून, वर लवचिक भराव देतात. चामड्यासारखी मूळची खरखर जमवण्यासाठी डॅशबोर्डाच्या शाबूत भागाचा सिलिकोनमध्ये ठसा घेऊन तो ओल्या भरावावर उमटवतात. बाजारात मिळणारे तयार टोपण वरून चिकटवणे सोपे असते. परंतु ते निघताना मूळची कातडी घेऊन निघते.

जुन्या प्लास्टिकची ओळख नाकालाही पटते. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड, कारण त्यात कापूरच मिसळलेला असतो. व्हिनेगरचा वास आला तर सेल्युलोज ॲसिटेट. गरम पाण्याने भिजवल्यावर कार्बोलिकसारखा वास आला तर बेकेलाइट. हे ज्ञान उपयोगी पडते, कारण सेल्युलॉइड अतिशय ज्वालाग्राही असून सडताना शेजारच्या धातूला गंजवणारी आम्लवाफ सोडते. ते बंद डब्यात इतर भागांबरोबर ठेवू नये. शेजारच्या बेल्जियममधील गेंट येथे जन्मलेल्या लिओ बेकेलँड यांनी १९०७ साली शोधलेले बेकेलाइट मात्र टिकाऊ असते. आइंडहोवनच्या फिलिप्सने 'फिलाइट' या नावाने त्याच जातीचे साहित्य बनवले. बेकेलाइट वितळत नाही, त्यामुळे तुटलेला तुकडा उष्णतेने जोडता येत नाही. इपॉक्सीत काळे किंवा तपकिरी रंगद्रव्य मिसळून सांधावे लागते. प्लास्टिकचा प्रकार ओळखण्यासाठी डच वारसा-संस्था आणि ॲमस्टरडॅम विद्यापीठ यांनी विकसित केलेली सार्वजनिक ओळख-पद्धतीही उपलब्ध आहे.

स्टिअरिंगच्या चाकाला जाणारे तडे वरचे आवरण आकसल्यामुळे पडतात. आतली पोलादी कडी आकसत नाही. तडा इंग्रजी 'व्ही'च्या आकारात उघडून इपॉक्सीने भरतात व रंगवतात. मात्र कडी गंजलेली किंवा आरा हललेला आढळला तर तेथे सौंदर्याचा प्रश्न संपतो आणि सुरक्षिततेचा सुरू होतो.

घड्याळे आणि आकडे

१९२० व ३० च्या दशकांतील काही गाड्यांच्या घड्याळांवर अंधारात दिसण्यासाठी रेडियमयुक्त रंग लावलेला असे. आज ते आकडे चमकत नाहीत, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. प्रत्यक्षात चमकणारे जस्ताचे संयुग थकलेले असते. रेडियम मात्र तसाच असतो, कारण त्याचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे आहे. असे घड्याळ उघडू नये, आकडे खरवडू नयेत; किरणोत्सार मोजू शकणाऱ्या तज्ज्ञाकडे ते बंद स्थितीतच न्यावे.

मैलांच्या आकड्यांविषयीही सावध असावे. नेदरलँड्समध्ये २०१४ पासून ओडोमीटरचा आकडा फिरवणे हा गुन्हा आहे. 'नवी गाडी' दिसावी म्हणून जीर्णोद्धारानंतर आकडे शून्यावर आणण्याची हौस येथे महाग पडू शकते. यंत्र बदलावे लागलेच तर जुना आकडा, तारीख आणि दुरुस्ती करणाऱ्याची पावती जपावी.

धूळ: तिलबुर्गचा धडा

जुना रंग घासणे हे निरुपद्रवी काम समजले जाते. तिलबुर्ग शहरात २००४ पासून काही वर्षे, सरकारी भत्त्यावर असलेल्या बेरोजगारांना एका प्रकल्पात जुन्या रेल्वेडब्यांच्या जीर्णोद्धारासाठी कामाला लावले होते. ते डबे रेल्वे संग्रहालयासाठी होते आणि त्यांच्या रंगात कर्करोगकारक क्रोमियम-६ होते. माणसे पुरेशा संरक्षणाविना तो रंग घासत राहिली. जानेवारी २०१९ मध्ये चौकशीचा निष्कर्ष आला आणि त्यानंतर बाधितांना भरपाई देण्यात आली. वारशाच्या कामाने माणसांच्या आरोग्याची केलेली ही हानी नेदरलँड्समध्ये अजून विसरली गेलेली नाही.

घरगुती गॅरेजमध्ये धोका लहान असतो, पण त्याचे स्वरूप तेच. पत्र्याच्या जुन्या डॅशबोर्डवरील रंगात शिसे किंवा क्रोमेट असू शकते. डॅशबोर्डच्या मागे, इंजिनाकडील पडद्यावर, ॲस्बेस्टॉसचा पत्रा असू शकतो. कोरडे घासू नये, ओले घासावे. बारीक कण अडवणारा मुखवटा वापरावा, साधे फडके पुरत नाही. मुलांना दूर ठेवावे. आणि ॲस्बेस्टॉसचा संशय आल्यास काम थांबवून नमुना तपासून घ्यावा.

न मिळणारा भाग

हरवलेले एखादे बटण शोधण्यासाठी जानेवारीत मास्ट्रिक्टला भरणारे 'इंटरक्लासिक्स' प्रदर्शन आणि त्या त्या गाडीची मालक-मंडळे हे पहिले दरवाजे. मूळ भाग मिळालाच नाही तर शाबूत जोडीदाराचा सिलिकोन साचा घेऊन रेझिनमध्ये प्रत ओतता येते, किंवा मोजमाप घेऊन त्रिमितीय छपाई करता येते. रेझिन थिजताना थोडे आकसते, त्याची भरपाई साच्यात धरावी लागते. प्रतीच्या मागील न दिसणाऱ्या बाजूवर वर्ष कोरावे, म्हणजे पुढच्या मालकाची फसवणूक होणार नाही. निर्मात्याची नावपट्टी व चौकट-क्रमांकाची पट्टी यांची प्रत कधीही करू नये. त्या केवळ स्वच्छ कराव्यात.

मुंबईतील चोर बाजार आणि कुर्ल्यातील सुट्या भागांची दुकाने मराठी मालकांना साहजिकच आठवतात. तेथे खजिना सापडू शकतो. तथापि १९५० पूर्वीच्या मोटारी आणि त्यांचे भाग भारताबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे सामानात टाकून आणण्यापूर्वी परवान्याची खातरजमा करावी. उलट दिशेनेही विचार व्हायला हवा. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. पुण्या-नाशकातील बंगल्यांच्या आवारात वडिलांची किंवा आजोबांची फियाट अजूनही उभी असेल. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, फारसे बदल न केलेल्या खासगी मोटारींना 'विंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. अशा गाडीवर सगळे नवे चढवण्याची घाई करणाऱ्या घरच्यांना परदेशातून एवढे सांगता येईल: जुन्या मुठी, पट्ट्या आणि घड्याळ फेकू नका.

हाच नियम येथल्या गॅरेजलाही लागू आहे. गाडीवरून उतरवलेला प्रत्येक मूळ भाग, तो तुटका असला तरी, चिठ्ठी लावून कोरड्या खोक्यात ठेवावा. त्यासोबत छायाचित्रे, पावत्या आणि वापरलेल्या रोगण-गोंदांची नावे असावीत. गाडी विकली किंवा पुढच्या पिढीकडे गेली तर ते खोकेही तिच्याबरोबर जावे. आज ज्याची दुरुस्ती शक्य वाटत नाही, त्यावर वीस वर्षांनी उपाय सापडू शकतो. त्यासाठी तो भाग तेव्हा हाताशी असला पाहिजे.